सात दिवस वजन उचलू नये

हेमेंद्र जगदाळेनं बायकोला शब्द दिला जुलैत आणि तो पाळायला निघाला नोव्हेंबरात. त्याच्या मानानं ही घाईच म्हणायची. गीझर दुरुस्त करून आणतो, हा शब्द त्यानं मागच्या थंडीत दिला होता आणि घरात अजून पातेल्यातच पाणी तापत होतं. ग्वाल्हेरच्या थंडीत पातेल्यातल्या पाण्यानं आंघोळ करणाऱ्या बाईचा नवऱ्याच्या शब्दावर किती विश्वास उरत असेल, हे ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

पण जुलैतली गोष्ट गीझरची नव्हती. जुलैत सोनिकाची पाळी नऊ दिवस लांबली. नऊ दिवस तिनं कोणाला काही सांगितलं नाही, फक्त आमटीत मीठ दोनदा पडायला लागलं. श्रुती आणि अवंतिका, दोन्ही मुली सिझेरियनच्या. धाकटीच्या वेळी तर इतका रक्तस्राव झाला की डॉक्टरीणबाईंनी हात जोडून सांगितलं होतं, तिसऱ्यांदा हे करू नका. तेव्हापासून सोनिकाचं हिमोग्लोबिन आठावर जे बसलं ते काही केल्या उठेना. गोळ्यांनी तिचं डोकं फुटायचं, तांबी चार महिन्यांत काढावी लागली आणि उरलेला उपाय हेमेंद्रच्या हाती होता, म्हणजे बेभरवशाचाच. दहाव्या दिवशी पाळी आली तेव्हा सोनिका पलंगाच्या कडेला बसून रडली आणि मग डोळे पुसून म्हणाली, "आता बास. मी माझं नाव देते ऑपरेशनला. रक्त कमी आहे तर कमी आहे. हे नऊ दिवस मला परत नकोत."

"तू नको," हेमेंद्र म्हणाला. "मी करून घेतो. पुरुषांचं एकदम सिंपल असतं म्हणे."

"तुम्ही?" सोनिका म्हणाली. एवढ्या एका शब्दात ती लग्नाची बारा वर्षं बोलून गेली. "बरं. नोव्हेंबर संपेपर्यंत वाट बघते. नाहीतर डिसेंबरात मीच जाऊन झोपते टेबलावर."

हेमेंद्रचं पाटणकर बाजारात चष्म्याचं दुकान होतं. मनात काही डाचायला लागलं की हातातल्या फ्रेमचा बारीक स्क्रू काढायचा आणि परत आवळायचा, ही त्याची जुनी खोड. ऑगस्ट ते ऑक्टोबर त्यानं इतके स्क्रू आवळले की निम्म्या लष्कर भागातल्या लोकांच्या कानामागे चष्मे टोचायला लागले. भीती दुखण्याची होतीच, नाही असं नाही. पण त्याहून मोठी भीती घरची होती.

जगदाळ्यांचं घर म्हणजे माधवगंजातल्या एका इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या चार खोल्या. पूर्वज दक्षिणेतून तलवारी घेऊन आले, घोड्यांवरून आले. पुढे घोडे गेले, तलवारीला गंज चढला, पण वडिलांना आबासाहेब आणि आईला आईसाहेब म्हणायची पद्धत तेवढी शाबूत राहिली. आबासाहेब म्हणजे महिपतराव फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले होते आणि भाजी आणायलासुद्धा छाती काढून जायचे. अशा माणसासमोर उभं राहून "आबासाहेब, मी नसबंदी करून घेतोय" असं म्हणायचं, या नुसत्या कल्पनेनं हेमेंद्रनं एका दिवसात तीन फ्रेम मोडल्या. तेव्हा ठरलं असं की कोणाला सांगायचं नाही. गुपचूप जायचं, गुपचूप यायचं.

अडचण एकच होती आणि ती देवाची होती. जगदाळ्यांचं कुलदैवत खंडोबा. माधवगंजाच्या एका बोळात खंडोबाचं छोटंसं देऊळ आहे. चंपाषष्ठीला तिथे लंगर तोडतात. लंगर म्हणजे लोखंडी साखळी. मानकऱ्यानं ती दोन्ही हातांत धरायची आणि सगळ्या समाजादेखत एका झटक्यात तोडायची. एक कडी लोहारानं आधीच अर्धी कापलेली असते हे सर्वांना ठाऊक असतं आणि ते कोणी बोलत नाही. तरी झटका जोराचाच लागतो. तो खांद्यातून निघतो, कमरेतून जातो आणि पोहोचतो थेट जिथे हेमेंद्रला ऑपरेशन करायचं होतं तिथे. हा मान चार घरांमध्ये फिरतो आणि यंदा तो महिपतरावांच्या घरचा होता. महिपतरावांचे गुडघे गेलेले, म्हणजे साखळी हेमेंद्रच्या हातात.

म्हणून त्यानं हुशारीनं ठरवलं की आधी चंपाषष्ठी होऊ द्यायची, मग ऑपरेशन. दुकानात कानपूरच्या काचवाल्यानं दिलेलं मोठं हिंदी कॅलेंडर होतं. त्यात त्यानं मार्गशीर्ष महिना शोधला, त्यातली षष्ठी शोधली, तिच्यावर पेनानं गोल केला आणि त्याच्या पुढचे दहा दिवस मोजले. दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावणाऱ्या या माणसानं त्या चौकोनातलं बारीक अक्षर वाचलं नाही. ते पुढे येईलच.

ऑपरेशनची खटपट करायला त्यानं गाठलं नीलमला. नीलम म्हणजे मोहल्ल्यातली आशा कार्यकर्ती. पोलिओच्या थेंबांपासून बाळंतपणापर्यंत सगळ्या घरांतलं सगळं तिला माहीत. हेमेंद्रनं दुकानात बोलावून, शटर अर्धं खाली ओढून, तिला आपला विचार सांगितला. नीलम स्टुलावर बसली.

"भाईसाहब, नौ साल हो गए मुझे इस काम में," ती म्हणाली. "भाभियों के नाम लिखाने तो सब आते हैं. अपना नाम लेके कोई पहली बार आया है." मग तिनं पिशवीतून रजिस्टर काढलं आणि त्यातलं एक कोरं पान उघडलं. त्या पानावर नऊ वर्षांत एकही नाव चढलेलं नव्हतं. हेमेंद्रला क्षणभर आपण फार मोठे आहोत असं वाटलं. दुसऱ्याच क्षणी त्यानं पेनाचं टोपण चावलं.

तारीख मिळाली नोव्हेंबरातल्या एका गुरुवारची. मधे तो गोल केलेला दिवस येऊन गेला. घरात घट बसला नाही, भरीत झालं नाही, साखळीचं कोणी नाव काढलं नाही. हे हेमेंद्रच्या लक्षात आलं का? नाही. सण म्हणजे पानात काय वाढलंय एवढंच ठाऊक असलेल्या पुरुषाच्या ते लक्षात यायचं कारणही नव्हतं. त्यात त्या दिवशी त्याचे आठ चष्मे चुकीच्या नंबरचे आले होते.

गुरुवारी सकाळी तो "माल आणायला जातो" असं सांगून सरकारी दवाखान्यात गेला. नसबंदीची खिडकी बायकांच्या विभागात होती. रांगेत सतरा बायका आणि अठरावा हेमेंद्र. खिडकीतल्या बाबूनं मान वर न करता विचारलं, "पत्नी को साथ लाए हैं?"

"नहीं. मेरा है."

"हाँ हाँ, आपका ही है, पर ऑपरेशन जिसका है उसको तो लाइए."

"मेरा ही ऑपरेशन है," हेमेंद्र म्हणाला, आणि घाबरलेला माणूस बोलतो तसा जरा मोठ्यानं म्हणाला. सतरा पदर सतरा तोंडांकडे गेले. मुरैन्याहून आलेली एक म्हातारी मात्र सरळ त्याच्याजवळ आली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आपल्या सुनेला म्हणाली, "देख, लल्ला कितनो भलो है. जाकी महतारी को गोड़ परूँ." म्हातारीला त्याच्या आईच्या पाया पडायचं होतं आणि सून दुसरीकडे तोंड करून हसत होती.

बाबूकडे पुरुषांचे फॉर्मच नव्हते. ते कोणी मागतच नाही म्हणून कधी आलेच नव्हते. मग त्यानं बायकांचाच फॉर्म घेतला आणि पेनानं दुरुस्त्या करायला सुरुवात केली. श्रीमती खोडून श्री केलं. गर्भावस्थाओं की संख्या या रकान्यात त्यानं पेन थांबवून हेमेंद्रकडे पाहिलं. हेमेंद्रनं भिंतीकडे पाहिलं. बाबूनं विचार करून तिथे "लागू नहीं" असं लिहिलं. पति का नाम या रकान्यावर तो पुन्हा अडला, तेव्हा हेमेंद्रनं स्वतःच तिथे सोनिकाचं नाव लिहून टाकलं आणि पुढे सरका म्हणाला.

प्रत्यक्ष ऑपरेशन पंधरा मिनिटांत झालं. टाका नाही, चीर नाही. एक सुई टोचली तेवढीच. ज्या गोष्टीसाठी त्यानं चार महिने स्क्रू आवळले ती चहा गार व्हायच्या आत आटोपली, याचा त्याला जरा रागच आला. डॉक्टर तरुण होते, मजेत होते. "दो दिन आराम. टाइट चड्डी. सात दिन वज़न नहीं उठाना, झटका नहीं लगाना. तीन महीने दूसरा साधन चालू रखना, फिर जाँच कराना. रिपोर्ट में ज़ीरो आए तब छुट्टी."

सुटका झाली असं वाटतंय तोच एक साहेब हार घेऊन आले. शिबिरात पुरुष आला म्हणून सत्कार. हेमेंद्र नको नको म्हणत असताना हार गळ्यात पडला आणि हातात प्रशंसापत्र आलं. मोबाइल समोर धरलेला पाहून त्यानं प्रसंगावधान राखलं आणि ते प्रशंसापत्र चेहऱ्यासमोर धरलं. चेहरा अजिबात दिसला नाही. प्रशंसापत्रावर मात्र श्री हेमेंद्र महिपतराव जगदाळे, माधवगंज, असं ठळक अक्षरात लिहिलेलं होतं. हे त्याला परतीच्या रिक्षात कळलं आणि रिक्षाच्या एकेका खड्ड्याबरोबर ते त्याला नव्यानं कळत गेलं. नीलमनं दुसऱ्या दिवशी खटपट करून तो फोटो दवाखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपातून काढायला लावला, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

घरी आल्यावर सोनिकानं दार उघडलं. त्याची चाल तिनं बघितली. आत नेऊन तिनं त्याला झोपवलं, उशी दिली. "झालं?" तिनं विचारलं. "झालं," तो म्हणाला. तिनं एकदम त्याच्या कपाळावर हात ठेवला, जणू ताप आलाय. हेमेंद्रला वाटलं, जिंकलो.

शुक्रवारी सकाळी देवघरातून घंटेचा आवाज आला. हेमेंद्र फेंगड्या पावलांनी बाहेर आला तर आईसाहेब, म्हणजे सुलोचनाबाई, घट बसवत होत्या.

"हे काय, आईसाहेब?"

"हे काय म्हणजे? खंडोबाचं नवरात्र आजपासून. बुधवारी षष्ठी. तुला साखळी तोडायचीये ना बेटा, ध्यान कुठे असतं तुझं?"

हेमेंद्र तसाच दुकानात गेला, रिक्षानं, आणि कॅलेंडरसमोर उभा राहिला. आता त्यानं ते बारीक अक्षर वाचलं. गोल केलेल्या षष्ठीपुढे लिहिलं होतं: कृष्ण. हिंदी कॅलेंडरात महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, अंधारा पंधरवडा आधी आणि उजेडाचा मागून. आपल्या पंचांगात उलटं. चंपाषष्ठी असते शुद्ध पक्षातली. म्हणजे त्याच मार्गशीर्षाची षष्ठी पण पंधरा दिवस पुढे. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाच्या घरात दोन कॅलेंडरं असतात, एक आजीच्या देवाचं आणि एक किराणावाल्याचं, आणि कुठलं कधी बघायचं हे त्याला आईच्या दुधाबरोबर कळायला हवं. हेमेंद्रनं बोटांवर मोजलं. गुरुवार ते बुधवार, सहा दिवस. डॉक्टरांनी सांगितले होते सात. त्यानं तीनदा मोजलं. सहाच येत होते.

आता कंबर धरली, असं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. चाल तशी होतीच, खोटं फार बोलावं लागलं नाही. पण कंबर हा असा अवयव आहे की त्याच्यावर प्रत्येक माणसाकडे औषध असतं. शेजारचे विश्वासराव शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेले. ते सकाळी सहाला आले आणि म्हणाले, दाराच्या चौकटीला लटक, मणके सुटतील. हेमेंद्र लटकला नाही तेव्हा त्यांनी स्वतः लटकून दाखवलं आणि चौकटीवरचं लाकूड पडलं. दुपारी ते बिर्ला नगरातून एका हाडवैद्याला घेऊन आले. हा हाडवैद्य रोग्याला पालथं झोपवून पाठीवर पाय देत असे. पालथं झोपायचं म्हणताच हेमेंद्रनं अशी काही किंकाळी फोडली की वैद्यानं निदान केलं, दुखणं जुनं आहे. आईसाहेबांनी मोहरीच्या तेलात लसूण उकळला. महिपतराव येता-जाता थांबून विचारत, "काय, बुधवारपर्यंत होशील ना उभा?" आणि प्रत्येक वेळी हेमेंद्र "हो" म्हणे. तो उठे, बसे, खिडकीपर्यंत जाई, परत येई. स्वस्थ पडून राहायला सांगितलेल्या माणसानं त्या घरात सगळ्यात जास्त चालणं केलं.

साखळी तोडली नाही तर मान कोणाकडे जाणार, हेही सर्वांना ठाऊक होतं. राजवर्धनकडे. राजवर्धन हेमेंद्रचा चुलतभाऊ, मानाच्या चार घरांतल्या पुढच्या घरचा, रोज व्यायामशाळेत जाणारा. चार वर्षांपूर्वी एका लग्नात पंगतीच्या जागेवरून त्याच्या वडिलांची आणि महिपतरावांची बोलाचाली झाली. तेव्हापासून महिपतरावांनी त्या घराशी बोलणं टाकलं होतं. मान एकदा हुकला की त्या घराला पुढच्या तीन फेऱ्या, म्हणजे बारा वर्षं, तो मिळत नाही, असा देवळाचा नियम. महिपतरावांचं वय त्र्याहत्तर होतं.

सोमवारी हेमेंद्रची आत्या, मंदाताई, आली. मंदाताई आली म्हणजे काहीतरी ठरवूनच आलेली असते. तिनं चहा बशीत ओतला आणि जाहीर केलं, "यंदा मी गुरवाला सांगून ठेवलंय. हेमू साखळी तोडेल ना, त्याच वक्ती सगळ्यांसमोर नवस बोलायचा. घरात नातू पाहिजे. दोन पोरींवर कुठे थांबतात? अगं सोनिका, ऐकतेस ना? पुढच्या चंपाषष्ठीला मांडीवर घेऊन यायचा."

सोनिका स्वयंपाकघरात पोळी लाटत होती. लाटणं थांबलं आणि परत सुरू झालं.

मंदाताई गेल्यावर ती खोलीत आली आणि दार लोटून उभी राहिली. हेमेंद्र घाईघाईनं म्हणाला, "तू टेन्शन नको घेऊ. मी कंबरेचं सांगून साखळी टाळतो. नवस काय, बोलू दे त्यांना. होणार तर काही नाहीच आहे."

"तुम्हाला नाही होणार काही," सोनिका म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून हेमेंद्र जास्त घाबरला. "नवस तुमच्या नावानं बोलतील आणि वर्षभर बघतील माझ्या पोटाकडे. पुढच्या वर्षी विचारतील, काय गं, अजून काही नाही? त्याच्या पुढच्या वर्षी डॉक्टरकडे नेतील. मी काय सांगू? तुम्ही केलंत, खरंच केलंत, मला वाटलं नव्हतं तुम्ही कराल. पण लपून केलंत. मला भीती ऑपरेशनची नव्हतीच हो. मला भीती या सगळ्यांची होती. ती तशीच्या तशी माझ्याकडेच राहिली."

मंगळवारी दुकानात त्यानं एकाच फ्रेमचा स्क्रू अकरा वेळा काढला. शेवटी तो स्क्रूच हरवला आणि गिऱ्हाइकाला नवी फ्रेम द्यावी लागली.

बुधवारी देऊळ भरून गेलं होतं. पन्नास-साठ माणसं, पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. महिपतरावांनी फेटा बांधला होता. हेमेंद्रनं सकाळपासून आठ वेळा ठरवलं होतं की कंबर पुढे करायची आणि आठ वेळा ते मोडलं होतं. आपण आता नक्की काय करणार आहोत, हे गाभाऱ्यापाशी पोहोचेपर्यंत त्याला माहीत नव्हतं. गुरवानं भंडारा उधळला, साखळी त्याच्या हातात दिली. ती गार होती आणि त्याला वाटलं होतं त्याहून जड.

"आधी नवस," मंदाताई म्हणाली.

गुरवानं घसा साफ केला. त्याचा आवाज बोळाच्या टोकापर्यंत जात असे. "हे मल्हारी मार्तंडा! महिपतराव जगदाळ्यांच्या घरी वर्षाच्या आत—"

हेमेंद्रनं बायकांकडे पाहिलं. सोनिका त्याच्याकडे बघतच नव्हती. ती खाली फरशीकडे बघत होती, दवाखान्यात बायका आपला नंबर येईपर्यंत बघतात तशी.

"थांबा काका," हेमेंद्र म्हणाला. "हा नवस नका बोलू. पूर्ण नाही व्हायचा."

"अरे, देवासमोर असं अभद्र बोलतात?" मंदाताई ओरडली.

"अभद्र नाही, आत्या. ऑपरेशन झालंय."

देवळातल्या सगळ्या माना एकदम वळल्या. सोनिकाकडे. पुरुषांच्यासुद्धा. तिनं सोमवारी सांगितलं होतं तसंच, अगदी तस्सं. हेमेंद्रला तो प्रकार बघून असा संताप आला की सहा दिवसांची सगळी धाकधूक कुठल्या कुठे गेली.

"तिच्याकडे काय बघताय?" तो ओरडला. "माझं झालंय! नसबंदी! गेल्या गुरुवारी! कंबर माझी ठणठणीत आहे!"

मग मागून विश्वासरावांचा दुखावलेला आवाज आला, "मग मी लटकलो तेव्हा बोलला का नाहीस रे?"

"पण का?" मंदाताईला रडू फुटायला आलं होतं. "दोन्ही पोरीच ना रे तुला!"

"दोन पोरी आहेत आणि त्यांना आई आहे," हेमेंद्र म्हणाला. "हिमोग्लोबिन आठ आहे तिचं. तिसऱ्या वेळी ती टेबलावरून परत आली नसती, डॉक्टरीणबाईंनी हात जोडून सांगितलंय. मला मुलगा नकोय आत्या. मला सोनिका पाहिजे."

हे वाक्य त्यानं बारा वर्षांत बंद खोलीतसुद्धा म्हटलं नव्हतं. आता साठ माणसांत म्हणून बसला आणि त्याचे कान लाल झाले. त्यानं घाबरत घाबरत वडिलांकडे पाहिलं.

महिपतराव फेट्याखाली निश्चल उभे होते. ते मुलाच्या चेहऱ्याकडे नाही, त्याच्या पायांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दुखतंय का अजून?"

"थोडंसं."

"जड उचलायचं नाही ना सांगितलंय?"

"सात दिवस. उद्या पूर्ण होतात."

"मग साखळी खाली ठेव की गाढवा," महिपतराव म्हणाले. मग ते वळले आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्या दिशेला बोलले, "राजवर्धन, इकडे ये. लंगर तू तोड. यंदाचा मान तुमच्या घरचा." राजवर्धन पुढे आला. त्यानं वाकून महिपतरावांच्या पायाला हात लावला आणि साखळी उचलली. महिपतरावांच्या हयातीत ती साखळी आता त्यांच्या घरात परत यायची नव्हती आणि हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला समजलं. "पण नवस," ते म्हणाले, "नवस आमच्याच घरचा राहील."

गुरव बुचकळ्यात पडला. "पण सुभेदारसाहेब, आता बोलू काय?"

महिपतरावांनी मुलाकडे बोट केलं. सगळे हेमेंद्रकडे बघायला लागले. हेमेंद्रनं विचार केला नाही. विचार केला असता तर काही तरी भलतंच मागितलं असतं. "सोनिकाचं हिमोग्लोबिन अकरा होऊ दे," तो म्हणाला.

"काय होऊ दे?"

"हिमोग्लोबिन. रक्त. अकरा."

गुरवानं तीस वर्षांत मुलांचे नवस बोलले होते, बदल्यांचे बोलले होते, एकदा कॅनडाच्या व्हिसाचाही बोलला होता. त्यानं हा शब्द दोनदा ओठांतल्या ओठांत घोळवला, छाती भरून घेतली आणि बोळाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा पुकारा केला, "हे मल्हारी मार्तंडा! जगदाळ्यांच्या सोनिकाबाईंचं हिमोग्लोबिन अकरा होऊ दे रे देवा!"

"येळकोट येळकोट जय मल्हार!" साठ माणसं ओरडली. त्यात महिपतरावांचा आवाज सगळ्यात मोठा होता. मंदाताई डोळे पुसता पुसता ओरडत होती, कारण देवाचं नाव आल्यावर गप्प बसायची तिला सवय नव्हती. राजवर्धननं झटका दिला, कडी तुटली, भंडारा उडाला आणि सगळे पिवळे झाले.

गर्दी प्रसादाकडे सरकली तेव्हा सोनिका हेमेंद्रच्या जवळून गेली. केसांत भंडारा, गालांवर भंडारा, आणि डोळ्यांतून आलेल्या पाण्यानं त्या भंडाऱ्यात दोन ओघळ झाले होते. आईसाहेब मागेच होत्या म्हणून ती थांबली नाही. त्याच्याकडे न बघता, ओठ न हलवता, फक्त त्यालाच ऐकू जाईल असं ती म्हणाली, "मागायचंच होतं तर बारा मागायचं."